न फाडलेली खोकी

तुमच्या ट्रॅक्टरमध्ये शेवटचा ऑइल फिल्टर बसवला, तेव्हा तो ज्या खोक्यातून निघाला ते खोकं तुम्ही कुठं टाकलं?

आठवा जरा. शेडच्या फळीवर ठेवलंत, मिस्त्रीच्या पायाशी सोडून आलात, की नातवानं खेळायला नेलं? दिवाळी अंक उघडून बसलेल्या माणसाला कुणी असलं काही विचारत नाही, हे मला कळतं. पण मी एरंडोलला ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि असल्याच एका पुठ्ठ्याच्या खोक्यापायी जळगावच्या भर बाजारपेठेत तोंडावर आपटलो आहे. त्यानंतरचे चार दिवस मात्र असे गेले की तसे दिवस माझ्या धंद्यात पुन्हा आले नाहीत. पाच-सहा वर्षं झाली त्याला.

माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणतो, धुळ्यात एका लहान छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभांची, पाणीप्रश्नाची, कापसाच्या भावाची. छापून उरलेली बापू घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचो आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. 'बंधूंनो, जागे व्हा' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. दुसरी मुलं कमळ, बदक वाचत होती तेव्हा मी 'निषेध' वाचत होतो. शिवाय छापखान्यात मजकूर उलटा जुळवतात, त्यामुळं मला उलटं वाचता येतं. ही कला मला आयुष्यात एकदाच उपयोगी पडली, आणि तेही नको त्या वेळी.

आता धंद्याचं. लोक ट्रॅक्टर बंद पडला की माझ्याकडं आणतात. तो बंद पडू नये म्हणून आणायला हवा, हे त्यांना पटवण्यातच माझी निम्मी हयात जाणार आहे. इंजिनात तेल फिरतं. ते काजळी आणि धातूचा कीस उचलतं आणि फिल्टरमधून गाळून पुन्हा फिरतं. फिल्टर म्हणजे घड्या घातलेल्या जाड कागदाची नळी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांना अडीचशे तास चालल्यावर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे असतात. तास मोजायला स्टिअरिंगसमोर एक घड्याळ असतं. एवढंच शास्त्र आहे.

पण खानदेशात ट्रॅक्टरचं तेल घड्याळावर बदलत नाहीत, सणावर बदलतात. एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि एकदा पोळ्याला. मध्ये गाडी शंभर तास चालो की पाचशे. या मताचे पुढारी म्हणजे आमचे सुपडू आबा. अंजनी नदीकाठचं त्यांचं गाव, काळी जमीन, एकच ट्रॅक्टर, आणि त्या ट्रॅक्टरवर तेव्हा माझं सहा वर्षांचं काम.

"आबा, पोळ्याची वाट बघू नका. तीनशे तास होऊन गेलेत," मी म्हणायचो.

"मिस्तरी, ट्रॅक्टर बैलनी जागावर उना. बैलना सन तोच तेना सन."

"बैलाला घड्याळ नव्हतं, आबा."

"म्हनीसन तो कधी बंद पडना नही."

असे लोक. दोंडाईचाकडचा एक शेतकरी तर याच्याही पुढचा निघाला. इंजिनाला हवा गाळून देणारी एक वाटी असते, तिच्यात थोडं तेल घालतात, हवेतली धूळ त्या तेलात बसते. याची वाटी कोरडी ठणठणीत. विचारलं तर म्हणाला, "दर आठ दिवसांनी तेल घाण व्हायचं, म्हणून घालणंच बंद केलं. आता वाटी किती स्वच्छ राहते बघा." त्याचे पिस्टन मी काढून दाखवले तेव्हा त्यानं ओरखड्यांवरून नख फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे ते घाण होत होतं तेच बरं होतं म्हणा." मी म्हटलं, "दादा, त्याला त्याचाच पगार होता."

सुटे भाग घ्यायला मी जळगावला जायचो, शांतीलालशेठच्या दुकानात. शेठचं कुटुंब मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जळगावात, घर मेहरूणला. त्यांच्या काउंटरचा रिवाज असा: तोंडानं मागायचं नाही, जुना भाग काढून काउंटरवर ठेवायचा. शेठ तो हातात घेऊन फिरवणार, वास घेणार, आणि मालाआधी रोगाचं नाव सांगणार. "मिस्त्री, हा पट्टा जुना झाला म्हणून नाही तुटला. पुली तिरकी आहे. नवा नेशील, तोही तोडशील." मला जाता आलं नाही तर मी गिऱ्हाइकाच्या हाती जुना भाग आणि चिठ्ठी लिहून पाठवायचो. त्यांच्याकडं कंपनीचा माल असायचा आणि लोकल मालही. लोकल म्हणजे वाईट नव्हे. तो आपल्या नावानं, आपल्या खोक्यात येतो आणि जेवढं असेल तेवढंच बोलतो. खरा चोर तिसरा. तो लोकलहून हलका असतो आणि कंपनीच्या खोक्यात बसून येतो.

या तिसऱ्याविरुद्ध लढायचं मी ठरवलं. मी पंचविशीत होतो, आणि लढण्यासाठी काहीतरी शोधतच होतो असं म्हणा. एरंडोल आणि आसपासच्या मिस्त्र्यांचं मंडळ काढलं. युसूफभाई खजिनदार. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, स्टँडजवळ त्यांचं गॅरेज, आणि माझ्या भाषणांच्या वेळी बरोबर त्यांनाच जांभई यायची. पत्रक मी लिहिलं: 'शेतकरी बंधूंनो, नकली फिल्टर म्हणजे तुमच्या इंजिनावर दरोडा. खोक्यावरची छपाई पारखा. दुकानाचा शिक्का पाहा. खोकं जपून ठेवा.' धुळ्याला जाऊन बापूंकडून जुळवून घेतलं. गुलाबी कागदावर निघालं. आठवडी बाजारात मी ते वाटलं, उभं राहून वाचलं, चार माणसं थांबली की आवाज चढवला. काय दिवस होते ते. रात्री झोपताना गुलाबी कागद दिसायचा.

कागदाचा खर्च कसा निघायचा, तेही सांगतो, कारण सगळं तिथंच अडलंय. फिल्टरची, बेअरिंगची, पिस्टन रिंगांची रिकामी खोकी प्रत्येक गॅरेजात पडलेली असतात. आम्ही ती युसूफभाईंच्या दुकानी एका पोत्यात जमवायला लागलो. महिन्याला एक माणूस लुनावरून यायचा आणि पोतं घेऊन जायचा. पुठ्ठ्याच्या कारखान्याला लागतात म्हणायचा. माझीही खोकी त्यात असायची. माझ्या खोक्यांवर तर लिहिलेलं असायचं. ग्रीसच्या हातांनी वही धरता येत नाही, म्हणून काम झालं की मी गाडीचे तास खोक्याच्या आतल्या पाकळीवर पेन्सिलीनं टिपायचो. बाहेरची बाजू गुळगुळीत, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही. रविवारी आंघोळ करून ते आकडे वहीत उतरवले की खोकं पोत्यात.

रद्दी वजनावर जाते. हा माणूस खोकी नगावर घ्यायचा, आणि फाटलेलं घ्यायचा नाही. आम्ही काय केलं असेल? मंडळाच्या बैठकीत ठराव केला की खोकी हलक्या हातानं उघडावीत, पाकळ्या फाटू देऊ नयेत. सूचक मी.

दसरा होऊन गेला होता. परतीचा पाऊस उघडला होता आणि काळ्या जमिनीला वाफसा आला होता. ज्यांना शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वाफसा म्हणजे जमीन ना चिखल ना ढेकूळ, बी टाकायला बरोब्बर. काळ्या रानात असे पाच-सहा दिवस मिळतात. त्यात हरभरा पडला तर पडला. आणि त्याच दिवसांत एका सकाळी आबांचा निरोप आला की ट्रॅक्टर पेरणीच्या मधोमध उभा राहिला आहे.

मी गेलो. इंजिन हातानं फिरेना. खालची टाकी सोडली, तेलात धातूचा चमकता कीस. फिल्टरची वाटी उघडली आणि बघतच राहिलो. आत फिल्टर नव्हताच. दोन पत्र्याच्या टोप्या आणि ओल्या वर्तमानपत्रासारखा लगदा. गरम तेलात कागदाचा डिंक सुटला, कागद विरघळला, लगदा तेलाच्या वाटांत शिरला, आणि बेअरिंगला तेल मिळालं नाही.

"काटा खाले उना व्हता," आबा तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बोट करून म्हणाले. "मी म्हनं, काटाच बिगडना व्हई."

"हा फिल्टर कोणी बसवला?"

"मी. पोयाले. तूच शिकाडेल शे ना."

खरं होतं. पोळ्याला त्यांनी स्वतः बसवला होता, आणि बसवायला मीच शिकवलं होतं. आबांनी सीटखालच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पुढं केलं. खोकं. कंपनीचं, स्वच्छ, एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

"तुन्हा कागद सूनबाईनी वाची दावना. खोकं जपी ठेवा म्हने. ठेवं."

मी खोकं फिरवलं. मागं जांभळा शिक्का, शांतीलालशेठच्या दुकानाचा.

माझ्या डोक्यात काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग तर होताच, पण खोटं कशाला बोलू, आनंदही होता. सापडला. पत्रकात लिहिलेला दरोडेखोर नावानिशी सापडला, आणि तोही जुना जाणता माणूस. आबा म्हणत होते, "आरे मिस्तरी, पन आयकी तं ले." मी ऐकलं नाही. त्यांना मोटरसायकलवर मागं बसवलं, लगदा एका डब्यात घेतला आणि जळगाव गाठलं. वाटेत आबा दोनदा काहीतरी म्हणाले. वाऱ्यात ऐकू आलं नाही, आणि मी वेगही कमी केला नाही.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मला बरंच वाटलं. डबा काउंटरवर आपटला.

"शेठ, तुमच्या दुकानाचा माल. बघा सगळे. हा फिल्टर आहे म्हणतात."

शेठनी डब्यात बोट घातलं, लगदा चोळला, वास घेतला. "हा कागद फिल्टरचा नाही."

"खोकं तुमचं आहे. शिक्का तुमचा आहे. शेतकऱ्याच्या पेरणीवर तुम्ही..." पुढं मी बरंच बोललो. 'दरोडा' शब्दही आला. गिऱ्हाइकं डब्याभोवती गोळा झाली.

शेठ चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा लावला आणि आबांना विचारलं, "बाबा, हे तुम्ही माझ्याकडून नेलं?"

"नही ना," आबा म्हणाले. "बजारमा एक मानूस बसेल व्हता, तेनापाईन लिधं. तुमना शिक्का दखा म्हनीसन लिधं. मी तेच सांगी ऱ्हायनू कवयनं, हाऊ आयकस कोठे."

म्हणजे खोकं दुकानातलं नव्हतंच, बाजारात बसलेल्या कुणाकडून शिक्का बघून घेतलेलं होतं. शेठनी खोक्याच्या पाकळ्या एकेक करून उघडल्या. तळाची आतली पाकळी उलटी केली आणि थांबले. मग त्यांनी ते खोकं माझ्या तोंडावर फेकलं नाही, वाचूनही दाखवलं नाही. नुसतं हातात धरून ठेवलं. माझ्याकडून ते उलटं दिसत होतं. पण मी छापखान्यातला. '११४२ तास. तेल, फिल्टर. वाटी साफ. पुढं १३९२.'

"मिस्त्री," शेठ हळूच म्हणाले, "तुझ्या चिठ्ठ्या मी सहा वर्षं वाचतोय."

गिऱ्हाइकांपैकी एकानं विचारलं, "काय लिहिलंय?" शेठ म्हणाले, "काही नाही, आकडे आहेत." त्या माणसानं माझी अब्रू अशी झाकली, आणि मी पाच मिनिटांपूर्वी त्याला दरोडेखोर म्हटलं होतं.

आबांना मात्र काहीच कळलं नव्हतं. "काय व्हयनं?"

मला बोलता आलं असतं, की काही नाही आबा, शेठची चूक नाही, चला. शेठनी वाट करून दिली होती. पण मग बापूंच्या पत्रकांवर वाढलो कशाला? मी सगळ्यांदेखत सांगितलं. "आबा, हाई मन्हं अक्षर शे. हे खोकं आम्ही मिस्त्र्यांनी विकलं. त्यात कुणीतरी नकली माल भरला आणि तुम्हाला दिला. आणि ते पारखून घ्या असं पत्रकात मीच लिहिलं." मग शेठकडं वळून म्हटलं, "मी चुकलो."

आबा खोक्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आनि मी ते फडकामा गुंडाई ठेवं." मग माझ्याकडं वळले. "मन्हा हरभरा?"

दोनच शब्द. पण मला दुसरं काही ऐकूच येईना. वाफशाचे चार दिवस उरले होते.

शेठनीच सुरुवात केली. बेअरिंगचा संच काढला, खोकं उघडलं, माल माझ्या हातात दिला. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, खरवडला होता. तो घासून घ्यायला जळगावातच कारखाना होता, पण तिथं पेरणीच्या दिवसांत आठवड्याची रांग. शेठ स्वतः उठले, चप्पल घातली आणि कारखानदाराकडं गेले. परत येऊन म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत आणलास तर लगेच लावतो. एक मिनिट उशीर झाला तर माझाही शब्द चालणार नाही."

पुढचे दिवस मी धावलोच. शेतातच बांधावर ताडपत्री टाकून इंजिन उघडलं. युसूफभाईंना खोक्याचं सांगितलं तेव्हा मला वाटलं ते जांभई देतील. ते स्वतःचं गॅरेज बंद करून आले. चोपड्याकडचा आणखी एक मिस्त्री आला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रँक बाहेर. माझ्या मोटरसायकलवर तो नीट बसेना, वाकला तर संपलं. म्हणून आबांच्या सुनेनं दिलेल्या गोधडीत गुंडाळून तो एसटीत नेला. दोघांच्या सीटवर आम्ही तिघं: मी, युसूफभाई आणि मध्ये क्रँक.

कंडक्टर म्हणाला, "गोधडीत कोण आहे?"

"पेशंट आहे," युसूफभाई म्हणाले. "मणका सरकलाय. गचके कमी द्यायला सांगा ड्रायव्हरला."

कंडक्टरनं खरंच सांगितलं. त्या दिवशी एसटी अशी जपून चालली की मागची माणसं चौकशी करायला लागली.

दुपारच्या आत पोहोचलो. तिसऱ्या दिवशी क्रँक परत आला, आरशासारखा. तेलाची प्रत्येक वाट आम्ही तारेनं आणि डिझेलनं साफ केली, प्रत्येक भोकातून फुंकर मारून बघितली. एका वाटेतून बोटभर लगदा निघाला. तो राहिला असता तर नवं बेअरिंगही एका तासात गेलं असतं. चौथ्या दिवशी सकाळी इंजिन बसलं. बटन दाबायच्या आधी आबा इंजिनाच्या पाया पडले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आते तू पड. तुन्हा दोष जास्त शे." पडलो.

इंजिन लागलं. आम्ही कुणीच आवाज ऐकत नव्हतो, चौघं काट्याकडं बघत होतो. काटा थरथरला, चढला आणि उभा राहिला. युसूफभाईंनी मला पाठीत असा गुद्दा घातला की मी बोनेटवर पडलो. आबा सीटवर चढले ते संध्याकाळीच उतरले. शेवटच्या चार तासांत जमीन वरून सुकायला लागली होती. तेवढ्या कोपऱ्यातला हरभरा विरळ उगवला, आणि तो विरळ पट्टा मी त्या हंगामात येता-जाता बघत होतो.

लुनावाला महिन्यानं आला. आम्ही त्याची वाट बघत बसलो होतो. पण स्टँडवर युसूफभाईंच्या दारात सात-आठ मिस्त्री दिसल्यावर त्यानं लुना वळवली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. खोकी कोण भरत होतं, कुठं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हे मला अजून सलतं.

मंडळाची बैठक झाली. मी म्हटलं, नवं पत्रक काढायचं आणि खरं काय ते लिहायचं. निम्मे मिस्त्री विरोधात. एक जण म्हणाला, "उद्या गिऱ्हाईक म्हणेल, मिस्त्रीच चोर. तू पत्रक लिहिशील, पोट आमचं जळेल." तो चुकीचं बोलत नव्हता, त्याला तीन मुली होत्या. मग युसूफभाई म्हणाले, "लिही. पण पहिलं नाव माझं टाक. पोतं माझ्या दुकानात होतं." जांभई न देता.

मी दोन पानं लिहिली. दरोडा, जागृती, संघटना, सगळं आलं. ती घेऊन धुळ्याला गेलो. मंडळाजवळ होतं नव्हतं ते आबांच्या इंजिनात गेलं होतं, छपाईला काही उरलं नव्हतं, हे बापूंना सांगितलं. बापूंनी दोन पानं वाचली आणि शिसपेन्सिल घेतली. मी बघत होतो. पहिला परिच्छेद गेला. दरोडा गेला. बंधूंनोसुद्धा गेलं, ते जाताना मला जरा लागलं.

"बापू, काहीतरी ठेवा."

"जेवढं करायला सांगतोस तेवढं ठेवतो," ते म्हणाले. "बाकीचं तुझ्याविषयी आहे."

उरलं ते असं: 'आमची खोकी नकली माल भरायला वापरली गेली. चूक आमची. फिल्टर घेतला की खोकं काउंटरवरच फाडा.' खाली नावं, पहिलं युसूफभाईंचं. गिऱ्हाइकं तुटली का? दोन तुटली. आबांनी सूनबाईंकडून तीनदा वाचून घेतलं आणि तो कागद इंजिनाच्या झाकणाला आतून डकवला. अजून आहे, तेलकट झालाय. शांतीलालशेठच्या काउंटरवर तेव्हापासून एक टोपली आहे. माल बाहेर काढला की गिऱ्हाइकादेखत खोकं फाडून तिच्यात. सुरुवातीला लोक हसायचे. आता शेठ विसरले तर गिऱ्हाईकच फाडतं. आबा मात्र अजूनही तेल पोळ्याला आणि आखाजीलाच बदलतात. मी हरलो नाही, फक्त अजून जिंकलो नाही.

पण त्या वर्षभरात आमच्या पोत्यातून किती खोकी गेली, ते मला माहीत नाही. सगळी भरून विकली गेली असतील असंही नाही. काही अजून फळ्यांवर बसून असतील, पुढच्या पोळ्याची वाट बघत.

म्हणून हा अंक जरा बाजूला ठेवा. शेडमध्ये जा. सुट्या भागांची जेवढी रिकामी खोकी असतील तेवढी आत्ता फाडून टाका. एखादं न उघडलेलं फिल्टरचं खोकं सापडलं, तर फिल्टर बाहेर काढा, आणि खोक्याची तळाची आतली पाकळी उलटी करून उजेडात धरा. तिथं पेन्सिलीनं लिहिलेले तास दिसले, तर तो फिल्टर गाडीला लावू नका. ते अक्षर माझं आहे.